बोलू नका म्हणता, तर कधीपर्यंत तेही लिहा

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती आणि सर्व मा. न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, फोर्ट, मुंबई

विषय: प्रलंबित प्रकरणांवर बोलण्यास मनाई करणाऱ्या एकतर्फी हुकमांबाबत खालच्या न्यायालयांना नियम घालून देण्याची विनंती

महोदय,

मी वकील नाही, पत्रकारही नाही. दक्षिण मुंबईतल्या एका उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीची भाडेकरू आणि तिथल्या भाडेकरू समितीची चिटणीस, एवढीच माझी ओळख. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा वाद शहरातल्या एका दिवाणी न्यायालयात चालू आहे. त्यात आमच्याविरुद्ध एकतर्फी, म्हणजे आमची बाजू न ऐकता, मनाई हुकूम झाला आहे. प्रकल्पाबद्दल आणि दाव्याबद्दल आम्ही कुठेही काही लिहायचं नाही, बोलायचं नाही. हा हुकूम लागू आहे आणि मी तो पाळते. म्हणून या पत्रात इमारतीचं नाव नाही, विकासकाचं नाही, न्यायालयाचंही नाही. दाव्यात कोण काय म्हणतं याबद्दल अवाक्षर नाही. माझं नावही त्यामुळेच खाली दिलेलं नाही.

मला लिहायचं आहे ते अशा हुकमांबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ नुसार खालच्या न्यायालयांवर देखरेख करणं आणि त्यांच्या कामकाजाचे नियम करणं हे आपल्या अखत्यारीत येतं. तेव्हा हे गाऱ्हाणं मांडायला आपल्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

हुकमाचा मजकूर देत नाही, साचा सांगते, कारण हा साचा आमच्यापुरता नाही. दीड पानाचा कागद. सुरुवातीला वादीच्या वकिलांचं म्हणणं. मग ठरलेल्या तीन ओळी: प्रथमदर्शनी प्रकरण दिसतं, सोयीचं पारडं वादीकडे झुकतं, हुकूम न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल. मग बंदी, आणि ती ‘प्रतिवादी व त्यांच्या वतीने वागणाऱ्या कोणत्याही व्यक्ती’वर. कोणतं वाक्य बदनामीचं आहे, ते खोटं आहे असं कशावरून वाटलं, दुसऱ्या बाजूला न ऐकता हुकूम देण्याइतकी घाई का होती, यातलं काहीही त्यात नाही. आणि शेवटी मुदत: ‘पुढील आदेशापर्यंत’.

दिवाणी प्रक्रिया संहिता मी हुकूम हाती पडल्यानंतर पहिल्यांदा उघडली. आदेश ३९ मधला नियम ३ सांगतो की मनाई हुकूम देण्याआधी दुसऱ्या बाजूला नोटीस द्यायची. नोटिशीत वेळ गेल्याने अर्जाचा हेतूच फसणार असेल तरच ती टाळायची, आणि टाळली तर का टाळली ते लिहायचं. नियम ३-अ सांगतो की असा एकतर्फी हुकूम दिल्यावर त्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा. तेवढ्यात जमलं नाही तर त्याचीही कारणं नोंदवायची. कायदा किती समंजस आहे! संसदेने नागरिकाचा विचार करूनच हे लिहिलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या बाकावर बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आपलं उत्तर दाखल होतं. तारखेला समोरचे वकील वेळ मागतात. पुढच्या तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, लांबतं आणि आपलं मॅटर पुकारलंच जात नाही. त्याच्या पुढच्या तारखेला साहेब रजेवर. दर वेळी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, तीच ओळ येते, अंतरिम आदेश पुढील तारखेपर्यंत कायम. कुणीही वाईट हेतूने काही करत नाही. न्यायाधीशांपुढचा कामाचा डोंगर मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण एका दुपारी, एका बाजूला ऐकून दिलेला तात्पुरता हुकूम अशा रीतीने दाव्याच्या आयुष्याएवढा होतो. ज्याला तो मिळाला त्याला मग दावा लवकर संपवण्याची काही घाई राहत नाही.

आमच्या घरांच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते एवढंच सांगते. इमारत रिकामी झाली की माणसं पांगतात. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी डोंबिवलीला भाड्याने, कुणी विरारला मुलाकडे. त्यांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपचा गट आणि जिन्याखालचा काळा फळा. वकिलांनी सल्ला दिला की लेखी काही नको. समोरासमोर भेटलात तर सांगा, पण गटावर टाकू नका, फळ्यावर लावू नका, उगाच अवमानाचा अर्ज ओढवून घेऊ नका. तेव्हापासून फळ्यावर दाव्याबद्दल काही लागत नाही. संक्रमण शिबिरातल्या एक काकू, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, दर तारखेच्या संध्याकाळी मला फोन करतात. मी म्हणते, “तारीख पडली, काकू.” त्या म्हणतात, “ते तू दर वेळी सांगतेस गं. पण आत झालं काय?” आत जे झालं ते उघड्या न्यायालयात झालेलं असतं. कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकलं असतं. पण काकूंचे गुडघे त्यांना फोर्टपर्यंत येऊ देत नाहीत, आणि मला ते लिहून पाठवायची सोय नाही.

पुनर्विकास भाडेकरूंच्या संमतीवर उभा राहतो. संमती द्यायची की काढून घ्यायची, करार मान्य करायचा की दुरुस्ती मागायची, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. आपल्याच घराच्या दाव्यात काय घडतंय हे कळल्याशिवाय माणूस ते कसं ठरवणार? शिवाय अशी बंदी असते ती एकाच बाजूला. दुसरी बाजू वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊ शकते, फलक लावू शकते, दारोदार माणसं पाठवू शकते. मी हे कुणा एका विकासकाबद्दल म्हणत नाही. एकतर्फी हुकमाची रचनाच अशी आहे. दाव्याचा खर्च, चांगला वकील, पहिल्याच दिवशी हुकूम मागण्याची तयारी ज्याच्याकडे असते, तो बोलायला मोकळा राहतो.

आपल्याच न्यायालयाच्या इतिहासात या प्रश्नाचं मूळ आहे. १९६४ साली इथे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसी यांनी लावलेला बदनामीचा दावा चालू होता. भाईचंद गोडा नावाच्या साक्षीदाराने न्या. वि. म. तारकुंडे यांना सांगितलं की आधीच्या साक्षीच्या बातम्यांमुळे माझ्या धंद्याचं नुकसान झालं, या वेळी साक्ष छापू देऊ नका. न्यायमूर्तींनी तशी बंदी घातली. तोंडी. ती कागदावर कधी आलीच नाही. ब्लिट्झचे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर काही पत्रकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखाली, बंदी कायम ठेवली. न्याय नीट व्हावा म्हणून गरज असेल तर उच्च न्यायालय साक्षीच्या प्रसिद्धीला आवर घालू शकतं, असं बहुमताने ठरलं. एकट्या न्या. हिदायतुल्लांनी विरोधी मत नोंदवलं.

बहुमताचा निकाल कायदा आहे, तो मी मानते. पण ज्या साक्षीदारासाठी हा कायदा झाला, त्याने मागितलं काय होतं तेही पाहा. कुणाच्या जिवाला धोका नव्हता, कुणाची अब्रू लुटली जात नव्हती. धंद्याला झळ बसते, एवढं कारण होतं. आज साठ वर्षांनी मनाई हुकमांच्या अर्जात बहुतेक तेच कारण वाचायला मिळतं. आणि त्या वेळीसुद्धा बंदी फक्त दावा चालू असेपर्यंतच, असाच त्या आदेशाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला होता.

पुढे २०१२ साली सहारा कंपनी विरुद्ध सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) या प्रकरणात सरन्यायाधीश कपाडिया यांच्या घटनापीठाने चौकट आणखी आवळली. न्यायदानाला खरा आणि ठोस धोका असेल, दुसरा कुठलाही सौम्य उपाय पुरत नसेल, तेव्हाच प्रसिद्धी पुढे ढकलण्याचा आदेश द्यायचा. तोही थोड्या काळासाठी. गरज पटवून देण्याची जबाबदारी मागणाऱ्याची. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी हुकूम रद्द करताना सांगितलं की त्या तीन ओळी यांत्रिकपणे गिरवून पत्रकारितेवर मनाई घालता येत नाही. मजकूर दुष्ट हेतूचा किंवा ढळढळीत खोटा असल्याचं दिसल्याशिवाय सुनावणीआधी तो थांबवू नये. आणि ९ मे २०२५ रोजी, आपल्याच न्यायालयातून पुढे गेलेले न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी एएनआय ही वृत्तसंस्था आणि विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश बाजूला ठेवला. त्या आदेशात, चालू खटल्याबद्दलचा मजकूर ३६ तासांत काढून टाका असं म्हटलं होतं. न्यायालय ही लोकांना खुली संस्था आहे, न्यायप्रविष्ट बाबींवरही लोकांना चर्चा करता आली पाहिजे, असं त्या निकालाचं सार आहे.

इतकं स्पष्ट असताना खालच्या न्यायालयात तो दीड पानाचा कागद कसा निघतो, हा माझा प्रश्न आहे. मला वाटतं, हे निकाल मोठ्या माध्यमसंस्थांच्या प्रकरणांत झाले म्हणून ते त्यांच्यापुरतेच आहेत अशी समजूत झाली असावी. ज्याच्याकडे वार्ताहराचं ओळखपत्र नाही, त्या भाडेकरूचं बोलणं म्हणजे नुसती कटकट, असं तर कुणाला वाटत नसेल? अनुच्छेद १९ पत्रकारांसाठी वेगळा लिहिलेला नाही.

मुंबईत ही गोष्ट एकदा आपण स्वतः सुधारलीत, ते मी कृतज्ञतेने लिहिते. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी इथल्या सीबीआय विशेष न्यायालयाने सोहराबुद्दीन शेख चकमक खटल्याच्या (पोलिसांवर बनावट चकमकीत मारल्याचा आरोप होता) वार्तांकनावर बंदी घातली. बचाव पक्षाने अर्ज केला होता, कारण सुरक्षिततेचं दिलं होतं. नऊ पत्रकार आणि बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स आपल्याकडे आले. २४ जानेवारी २०१८ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे यांनी ती बंदी रद्द केली. कनिष्ठ न्यायालयाला असा अधिकारच नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढे त्या खटल्यात २१० साक्षीदार तपासले गेले, त्यातले ९२ फितूर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सगळे २२ आरोपी निर्दोष सुटले. निकाल कुणाला पटो वा न पटो. साक्षीदार एकामागून एक उलटत आहेत हे त्या त्या दिवशी लोकांना कळत होतं, कारण वार्ताहर आत बसलेले होते. ती बंदी टिकली असती तर आपल्याला फक्त शेवटचा दिवस दिसला असता.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ ने आणि आता न्याय संहितेच्या कलम ७२ ने. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायद्यात मुलांच्या नावांना तसंच संरक्षण आहे. त्यात मला एक अक्षरही कमी नको आहे. २०२० साली एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी मुंबईत जे केलं, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. तपास चालू असताना एका तरुण मुलीला पडद्यावर दोषी ठरवून तिच्या इमारतीखाली कॅमेरे लावले गेले. १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा प्रकरणात आपण त्याबद्दल जे कडक शब्द वापरले आणि वाहिन्यांना मर्यादा घालून दिल्या, ते गरजेचंच होतं. पण त्या निकालात काय करू नये ते नेमकेपणाने सांगितलेलं आहे, ऐकून घेऊन सांगितलेलं आहे आणि सगळ्यांना वाचायला मिळतं. आमच्यासारख्यांच्या हातात पडतो त्या कागदात यातलं काय असतं?

लोकचर्चेने न्याय बिघडतो या भीतीला मुंबईत एक जुना दाखला दिला जातो, नानावटी खटल्याचा. १९५९ साली ब्लिट्झने पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या त्या अधिकाऱ्याची बाजू आठवड्यामागून आठवडे लढवली आणि सत्र न्यायालयातल्या ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयात आलं आणि इथे त्याला दोषी ठरवण्यात आलं. म्हणजे चर्चेने वाहवली ती ज्युरी, न्यायाधीश वाहवले नाहीत. ज्युरी आता नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. मालमत्तेच्या दिवाणी दाव्यात तर कागदपत्रं बोलतात आणि निकाल प्रशिक्षित न्यायाधीश देतात. ऐकीव गोष्ट बाजूला ठेवणं हा त्यांचा रोजचा सराव आहे. भाडेकरूंच्या गटावरच्या ‘आज सुनावणी झाली नाही, पुढची तारीख अमुक’ या संदेशाने ते डळमळतील असं मानणं, हा त्यांच्यावर अविश्वास आहे. माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे.

या हुकमांची सावली हुकमापेक्षा लांब पडते. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जा, म्हाडाच्या खिडकीवर जा, परवानगीची प्रत मागा. उत्तर ठरलेलं आहे: “प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, काही सांगता येणार नाही.” माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ब) तसं म्हणत नाही. न्यायालयाने स्पष्टपणे मनाई केलेली माहिती किंवा जी दिल्याने न्यायालयाचा अवमान होईल अशी माहिती, एवढीच त्यात वगळली आहे. नुसता दावा चालू असणं हे कारण होत नाही. पण खिडकीपलीकडच्या माणसाला कोण सांगणार? आमच्या हातात तर बंदीचा कागद आहे, तो त्यालाही माहीत असतो. न्यायालय अवमान कायद्याचं कलम ४ उघड सुनावणीच्या प्रामाणिक आणि अचूक वृत्तांताला संरक्षण देतं. हे सामान्य माणसाला कुणी सांगत नाही. त्याला फक्त सहा महिन्यांची शिक्षा माहीत असते.

या भीतीचाही इतिहास आपल्याच वास्तूत आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या वकिलांबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. प्रकरण न्यायालयापुढे असताना ते पत्र गांधीजींनी ऑगस्ट १९१९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापलं. माफी मागायला सांगितलं, त्यांनी मागितली नाही. मार्च १९२० मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं गेलं आणि कडक समज देऊन सोडण्यात आलं. गांधीजींना माफी नाकारणं परवडलं. काकूंना परवडत नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. बोलण्यावर बंदी घालणारा कोणताही अंतरिम हुकूम लेखी असावा आणि त्यात कोणतं विधान, कशामुळे, हे नेमकं लिहिलेलं असावं. सगळ्या विषयावरच पडदा टाकणारी बंदी नसावी. उघड न्यायालयात काय घडलं, कोणती तारीख पडली, काय आदेश झाला हे आपल्या माणसांना सांगण्यावर कधीही बंदी नसावी. मला सगळ्यात जास्त हे हवं आहे. नोटीस न देता हुकूम दिला तर त्यावर शेवटची तारीख छापलेली असावी आणि त्या दिवशी तो आपोआप संपावा. वाढवायचा असेल तर दोन्ही बाजू ऐकून, नव्याने कारणं लिहून वाढवावा. रोजनाम्यातल्या एका ओळीने तो वाढू नये. असा हुकूम त्याच दिवशी न्यायालयाच्या संकेतस्थळावर यावा, म्हणजे आपण बांधले गेलो आहोत की नाही हे माणसाला वकिलाकडे न जाता वाचता येईल. आणि ज्याला ऐकलेलंच नाही अशा ‘कोणत्याही व्यक्ती’ला त्यात ओढलं असेल, तर तिला साध्या अर्जाने येऊन आपलं म्हणणं मांडता यावं. यातलं बरंचसं कायद्यात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आधीच आहे. ते रोजच्या बोर्डापर्यंत पोचत नाही, म्हणून नियम हवा.

हे पत्र आमच्या दाव्याच्या निकालाबद्दल नाही. तो कसाही लागो, त्याबद्दल आपल्याकडे काही मागणं मला शोभणार नाही आणि मी मागत नाही. हा अर्ज न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे आहे. याची सही केलेली प्रत मी निबंधक कार्यालयात आवक शाखेत देत आहे. तिच्यावर माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर आहे. पोच तिथेच मिळावी आणि पत्रावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
एका भाडेकरू समितीची चिटणीस
मुंबई